संगणकाचा एकरी उतारा

शेजारच्या काकांनी नवी मोटारसायकल आणली की ती पाहायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न कोणता विचारतो? "अ‍ॅव्हरेज किती देते?" गाडी ताशी किती किलोमीटर पळते, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये ती किती किलोमीटर जाते, हे सर्वांना हवे असते. उसाच्या शेतकऱ्यालाही तसेच. "एकूण किती टन ऊस झाला?" यापेक्षा "एकरी किती टन पडला?" हा प्रश्न महत्त्वाचा. एकाने दहा एकरांत तीनशे टन काढले आणि दुसऱ्याने दोन एकरांत शंभर टन, तर कोणाची शेती सरस हे सांगायला तुम्हाला कागद-पेन्सिल लागणार नाही. ऊस पहिल्याचा जास्त, पण उतारा दुसऱ्याचा जास्त.

या दोन्ही प्रश्नांमागची युक्ती एकच आहे. जे मिळाले त्याला, ते मिळवण्यासाठी जे खर्च झाले त्याने भागायचे. मोटारसायकलीच्या बाबतीत भाजक आहे पेट्रोल. उसाच्या बाबतीत भाजक आहे जमीन. संगणकाच्या बाबतीत मात्र कित्येक वर्षे लोक भागाकार करायलाच विसरले होते. "किती वेगवान?" एवढाच प्रश्न विचारला जाई. आज संगणकांना लागणारी वीज आणि जागा हा साऱ्या जगापुढचा प्रश्न होऊन बसला आहे. तेव्हा संगणकाचे 'अ‍ॅव्हरेज' आणि त्याचा 'एकरी उतारा' कसा काढतात, आणि हा भागाकार चुकीचा मांडला तर काय घोटाळा होतो, ते आपण पाहू.

कपाटांच्या रांगा आणि उष्णता

परीक्षेचा निकाल, रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार, मोबाइलवरचा नकाशा यांतले बरेचसे काम तुमच्या हातातल्या यंत्रात होत नाही. ते दूर कोठेतरी, हजारो संगणक एकत्र ठेवलेल्या इमारतीत होते. अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. तिच्या आत लोखंडी कपाटांच्या रांगाच रांगा असतात. या कपाटाला रॅक असे नाव आहे. रॅकमध्ये संगणक आडवे, एकावर एक बसवलेले असतात. त्यांची उंची मोजण्याचे एक ठरलेले माप आहे. ते ४४.४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंचांचे असून त्याला 'यू' म्हणतात. सर्वसाधारण रॅकमध्ये असे ४२ 'यू' बसतात. संगणकाने किती जागा घेतली हे सांगताना "हा दोन 'यू'चा आहे", "तो चार 'यू'चा आहे" असे बोलतात.

जागा तर दिसते. पण विजेचे काय होते? पंखा वीज घेतो आणि हवा हलवतो. पंप वीज घेतो आणि पाणी वर चढवतो. संगणक वीज घेतो, पण तो काही उचलत नाही की ढकलत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तुम्ही शिकला आहात. मग ही ऊर्जा जाते कोठे? ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. एक किलोवॅट वीज घेणारा संगणक आणि एक किलोवॅटची विजेची शेगडी यांच्यात, खोली तापवण्याच्या दृष्टीने, काहीही फरक नाही.

मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील संगणक कक्षात एकदा एप्रिलच्या दुपारी वातानुकूलन यंत्र बंद पडले. तीस संगणक चालू होते. प्रत्येकी १०० वॅट धरले तरी बंद खोलीत तीन किलोवॅटची शेगडी पेटल्यासारखे झाले. शांत बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. खोलीत तीस विद्यार्थी होते, त्यांची भर वेगळीच! अर्ध्या तासात आत उभे राहवेना, आणि काही संगणक स्वतःच्या बचावासाठी आपोआप बंद झाले. विद्यार्थ्यांना बाहेर पाठवता आले, संगणकांना पाठवता येत नाही. म्हणून डेटा सेंटरला विजेचा खर्च दोनदा सोसावा लागतो: एकदा संगणक चालवायला आणि पुन्हा त्यांची उष्णता बाहेर काढायला.

एका बेरजेला तीस जूल

आता पहिला भागाकार करू. १९४६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला 'एनिअ‍ॅक' हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या, वजन सुमारे ३० टन होते, आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. तो सेकंदाला ५,००० बेरजा करी. १५० किलोवॅट म्हणजे सेकंदाला १,५०,००० जूल. त्याला ५,००० ने भागा. एका बेरजेला तीस जूल! एक किलोग्रॅमचे वजन तीन मीटर उंच उचलायला जवळजवळ एवढीच ऊर्जा लागते. म्हणजे दोन संख्यांची बेरीज करायची आणि तेवढ्या ऊर्जेत किलोभर बटाटे जमिनीवरून पहिल्या मजल्यावर पोचवायचे, असा तो हिशेब होता.

येथे एककांकडे नीट लक्ष द्या. संगणकाचा वेग 'दर सेकंदाला इतक्या गणिती क्रिया' असा सांगतात. त्याला वॅटने भागायचे. पण वॅट म्हणजे दर सेकंदाला एक जूल. अंशातही 'दर सेकंदाला' आहे आणि छेदातही आहे. दोन्ही सेकंद छेदले जातात आणि उरते 'दर जुलाला इतक्या क्रिया'. हेच संगणकाचे 'अ‍ॅव्हरेज'. किलोमीटर प्रति लिटर आणि क्रिया प्रति जूल यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. पेट्रोल ही साठवलेली ऊर्जाच आहे.

मोठ्या संगणकांत बेरजा-गुणाकार दशांश चिन्हाच्या संख्यांवर करावे लागतात. दर सेकंदाला अशी एक क्रिया म्हणजे एक 'फ्लॉप्स'. एक अब्ज फ्लॉप्स म्हणजे एक गिगाफ्लॉप्स. पुढच्या हिशेबात हेच माप वापरू.

धुळीच्या गोदामातला संगणक

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात लॉस अलामॉस येथे एक मोठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तेथील वू-चुन फेंग आणि त्यांचे सहकारी यांनी २००२ च्या सुमारास एक हिशेब मांडला. १९९१ सालचा 'क्रे सी-९०' आणि २००२ सालचा 'एएससीआय क्यू' हे त्या त्या काळातले महासंगणक. या अकरा वर्षांत, ताऱ्यांचे एकमेकांवरील गुरुत्वाकर्षण मोजण्याच्या आकडेमोडीचा वेग सुमारे २,००० पट वाढला होता. सर्वत्र त्याचा गाजावाजा होता. पण दर वॅटमागे होणारे काम ३०० पटच वाढले होते, आणि दर चौरस फुटामागे होणारे काम तर अवघे ६५ पट.

या तीन आकड्यांतून तुम्ही स्वतः आणखी दोन आकडे काढू शकता. वेग २,००० पट आणि वॅटमागचे काम ३०० पट, म्हणजे वीज २,००० ÷ ३००, सुमारे पावणेसात पट वाढली. वेग २,००० पट आणि चौरस फुटामागचे काम ६५ पट, म्हणजे जागा २,००० ÷ ६५, सुमारे एकतीस पट वाढली. वेगवान यंत्रे बांधताना प्रत्येक वेळी मोठी इमारत, मोठी विद्युतजोडणी आणि मोठी शीतयंत्रणा उभी राहत होती. वेगाच्या टाळ्यांत हा खर्च कोणाच्या नजरेत येत नव्हता.

या मंडळींनी मग उलट्या दिशेने जाऊन एक संगणक तयार केला. त्याचे नाव 'ग्रीन डेस्टिनी'. त्यात कमी विजेवर चालणारे, वेगाने मध्यम असे २४० प्रक्रियक होते, आणि ते सारे मिळून एका रॅकमध्ये मावले. हा संगणक वातानुकूलन नसलेल्या, धूळ भरलेल्या गोदामात ठेवला होता. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे ७,४०० फूट उंचावर आहे. तेथील हवा विरळ, म्हणून तिची उष्णता वाहून नेण्याची शक्तीही कमी. तरीही हा संगणक बिनतक्रार चालला.

तेव्हाच्या तीन संगणकांचे फेंग यांनी दिलेले आकडे खालच्या कोष्टकात आहेत. कोष्टकातला वेग हा गुरुत्वाकर्षणाच्या त्याच जातीच्या आकडेमोडीतला आहे. शेवटचे दोन रकाने झाकून ठेवा, स्वतः भागाकार करा आणि मग पडताळा.

कोष्टक

| संगणक | वर्ष | वेग (गिगाफ्लॉप्स) | जागा (चौ. फूट) | वीज (किलोवॅट) | दर चौ. फुटास वेग (गिगाफ्लॉप्स) | दर किलोवॅटास वेग (गिगाफ्लॉप्स) |
|---|---|---|---|---|---|---|
| एएससीआय रेड | १९९६ | ६०० | १,६०० | १,२०० | ०.३७५ | ०.५ |
| एएससीआय व्हाइट | २००० | २,५०० | ९,९२० | २,००० | ०.२५२ | १.२५ |
| ग्रीन डेस्टिनी | २००२ | ५८ | ५ | ५ | ११.६ | ११.६ |

पहिल्या दोन ओळींची तुलना करा. चार वर्षांनंतरचा 'व्हाइट' हा 'रेड'पेक्षा चौपटीहून वेगवान, पण त्याचा चौरस फुटामागचा उतारा कमीच झाला आहे! आता तिसरी ओळ. 'ग्रीन डेस्टिनी'चा एकूण वेग 'व्हाइट'च्या मानाने फारच थोडा. पण जागेचा उतारा ४६ पट आणि विजेचे 'अ‍ॅव्हरेज' ९ पटींहून अधिक.

"पण सर, काम मोठे असेल तर हा छोटा संगणक काय कामाचा?" अशी शंका तुमच्यातल्या कोणाच्या तरी मनात आली असेल. शंका रास्त आहे. 'व्हाइट'इतका वेग हवा असेल तर असे ४३ संगणक लागतील. कागदावर ४३ संगणकांना २१५ चौरस फूट जागा आणि २१५ किलोवॅट वीज पुरेल. प्रत्यक्षात मात्र ४३ संगणकांनी एकच काम वाटून घ्यायचे तर त्यांना एकमेकांशी सतत माहितीची देवघेव करावी लागते. त्यात वेळ जातो आणि जोडण्यांना जागा व वीजही लागते. सामुदायिक कवायतीत मुले वाढली की त्यांना एका तालावर ठेवणे अवघड होत जाते, तसेच हे. म्हणून मोठ्या संगणकांची गरज संपत नाही. तरीसुद्धा ९,९२० आणि २१५ यांतले अंतर विचार करायला लावणारे आहे.

मंद चालणारा जास्त काम कसा करतो?

प्रक्रियकात कोट्यवधी सूक्ष्म विद्युत कळा असतात. त्या सतत उघडतात आणि मिटतात. प्रत्येक कळ म्हणजे जणू एक छोटे धारित्र; ते भरायचे आणि रिकामे करायचे. धारित्रात साठणारी ऊर्जा विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. आणि ही भरणी-रिकामी सेकंदाला जितक्या वेळा होईल, म्हणजे जितकी वारंवारता असेल, तितक्या प्रमाणात शक्ती खर्च होते. थोडक्यात,

खर्च होणारी शक्ती ∝ (विद्युतदाब)² × वारंवारता.

वारंवारता कमी केली की प्रक्रियक कमी विद्युतदाबावरही चालू शकतो. समजा, दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले. शक्ती होईल ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२. वेग ८० टक्के राहिला, पण वीज जवळजवळ निम्मी झाली! मग तेवढ्याच विजेत असे दोन प्रक्रियक चालवता येतील आणि दोघांचे मिळून काम १६० टक्के होईल. अर्थात, काम दोघांत वाटता येण्यासारखे असले पाहिजे. चढावर धावत सुटून दम टाकणाऱ्यापेक्षा सावकाश चालणारे दोन हमाल कमी थकव्यात जास्त ओझे वर नेतात, असे समजा. गोदामातल्या त्या संगणकाचे मर्म हेच होते.

दोन भाजक एकत्र केले तर?

आता खऱ्या पेचाकडे वळू. जागा हवी आणि वीजही हवी, तर दोन्हींचा विचार एकाच संख्येत करता येणार नाही का? २००५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने असे एक माप पुढे आणले. जागा, वॅट आणि कामगिरी यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले 'स्वॅप'. सूत्र असे:

स्वॅप = कामगिरी ÷ (जागा × वीज).

जागा 'यू'मध्ये आणि वीज वॅटमध्ये घ्यायची. एक कल्पित उदाहरण करू. 'अ' हा संगणक सेकंदाला १,००० कामे करतो, ४ 'यू' जागा घेतो आणि ५०० वॅट वीज घेतो. त्याचा स्वॅप १,००० ÷ (४ × ५००), म्हणजे ०.५. 'ब' हा संगणक तेवढीच कामे करतो, पण २ 'यू' आणि २५० वॅटमध्ये. त्याचा स्वॅप १,००० ÷ (२ × २५०), म्हणजे २. म्हणजे 'ब' चौपट चांगला!

ऐकायला बरे वाटते. पण कोणतेही नवे माप हातात आले की भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आधी त्या मापाचीच परीक्षा घेतो. परीक्षा सोपी आहे. तांब्याचा एक तुकडा घ्या आणि त्याची घनता काढा. तसाच दुसरा तुकडा त्याला जोडा. वस्तुमान दुप्पट झाले, आकारमान दुप्पट झाले, घनता तीच राहिली. घनता हा तांब्याचा गुण आहे. तुकडा किती मोठा याच्याशी तिचा संबंध नाही. संगणकाच्या 'चांगलेपणा'चे मापही असेच असायला हवे.

आता 'ब' जातीचे दोन संगणक शेजारी ठेवा. कामे २,०००, जागा ४ 'यू', वीज ५०० वॅट. स्वॅप झाला २,००० ÷ (४ × ५००), म्हणजे १. एकट्याचा २ होता, दोघांचा मिळून १! संगणक तेच, वीज तीच, काम तेच; केवळ दोघांना एकत्र मोजले म्हणून गुण निम्मे झाले. चार एकत्र मोजले तर गुण चौथाई होतील. कारण उघड आहे. अंशात एकच राशी आहे आणि छेदात दोन राशींचा गुणाकार आहे. संगणक दुप्पट केले की अंश दुप्पट होतो, पण छेद चौपट. या मापपट्टीवर मोठे यंत्र केवळ मोठे असल्यामुळे हरते.

हे किती वाहवत जाऊ शकते ते मागच्या कोष्टकावर पाहा. 'स्वॅप' हे माप काही महासंगणकांसाठी सुचवलेले नव्हते, पण सूत्राची परीक्षा म्हणून ते येथे लावून बघू. जागा चौरस फुटांत आणि वीज किलोवॅटमध्ये घ्या. 'ग्रीन डेस्टिनी': ५८ ÷ (५ × ५) = २.३२. 'व्हाइट': २,५०० ÷ (९,९२० × २,०००) = ०.०००१२६. भागाकार केला तर 'ग्रीन डेस्टिनी' १८,४०० पट चांगला ठरतो! पण जागेचा उतारा ४६ पट आणि विजेचे अ‍ॅव्हरेज ९.२८ पट होते. त्यांचा गुणाकार सुमारे ४२७ होतो. मग १८,४०० कोठून आले? १८,४०० ला ४२७ ने भागा; येतात सुमारे ४३. आणि ४३ हा आकडा तुमच्या ओळखीचा आहे. २,५०० ला ५८ ने भागले की तोच येतो. 'व्हाइट' जितक्या पटींनी जास्त काम करीत होता, तितक्याच पटींनी त्याचे गुण कापले गेले. जास्त कामाबद्दल शिक्षा झाली!

मग हे माप टाकाऊ म्हणावे का? नाही. दोन संगणकांचे एकूण काम सारखेच असेल तर कोण पुढे आणि कोण मागे, हे ते बऱ्यापैकी सांगते. वरच्या 'अ' आणि 'ब' मध्ये 'ब' खरोखरच सरस आहे. पण "चौपट" या शब्दाचा अर्थ नीट समजला पाहिजे. 'अ'च्या जागी 'ब' आणला तर वीजबिल निम्मे येईल आणि जागा निम्मी लागेल. बिल चौथाई येणार नाही. निम्म्याला निम्म्याने गुणून आलेली चौपट ही कागदावरची आहे.

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे दोन्ही भागाकार वेगवेगळे ठेवणे: दर 'यू'मागे काम आणि दर वॅटमागे काम. एकच संख्या हवीच असेल तर या दोन्ही भागाकारांचा गुणाकार करून वर्गमूळ काढावे. अंशातही आता काम दोनदा येते, त्यामुळे दोन संगणक जोडले तरी उत्तर बदलत नाही. आकडे घालून स्वतः पडताळा. याहून व्यवहारी मार्ग म्हणजे दोन्ही खर्च रुपयांत आणणे. जागेचे भाडे किती आणि विजेचा दर किती, हे गावोगाव वेगळे असते. मुंबईत जागा महाग म्हणून जागेला जास्त वजन द्यावे लागेल. जेथे जमीन स्वस्त आहे पण वीज महाग आहे तेथे विजेला.

इमारतीची मापपट्टी आणि तिचा सापळा

संगणकाचे झाले. आता पूर्ण इमारतीचे पाहू. 'ग्रीन ग्रिड' या संस्थेने २००७ साली एक गुणोत्तर रूढ केले. त्याला 'पीयूई' म्हणतात. इमारतीत शिरणाऱ्या एकूण विजेला संगणकांपर्यंत पोचलेल्या विजेने भागायचे. उत्तर १ आले तर सगळी वीज संगणकांनाच मिळाली. उत्तर १.५ आले तर संगणकाच्या दर दोन युनिटांमागे एक युनिट पंखे, शीतयंत्रणा आणि इतर व्यवस्था यांवर गेले. हे गुणोत्तर उपयोगाचे ठरले. ते मोजू लागल्यावर लोकांना आपली उधळपट्टी दिसली. गार आणि गरम हवेचे मार्ग वेगळे ठेवणे, खोली गरजेपेक्षा जास्त थंड न करणे, असे साधे उपाय करून अनेकांनी ते खाली आणले.

पण याही मापपट्टीत एक सापळा आहे. समजा, एका इमारतीत संगणकांना १,००० किलोवॅट आणि शीतयंत्रणेला ५०० किलोवॅट लागतात. पीयूई १.५. व्यवस्थापकांनी जुने संगणक काढून काटकसरी संगणक आणले. तेच काम आता ६०० किलोवॅटमध्ये होऊ लागले. उष्णता कमी झाल्याने शीतयंत्रणेचा खर्चही ४०० किलोवॅटवर आला. एकूण वीज १,५०० वरून १,००० किलोवॅट झाली. एक तृतीयांश बचत! पण पीयूई? १,००० ÷ ६०० म्हणजे १.६७. गुणोत्तर बिघडले! पीयूईच्या छेदात 'संगणकांना पोचलेली वीज' आहे, 'झालेले काम' नाही. संगणकाने घेतलेली सगळी वीज सत्कारणी लागली असे हे माप गृहीत धरते. खानावळीत किती धान्य शिजले ते मोजले, पण किती लोक जेवले ते मोजलेच नाही, असा हा प्रकार.

आजची स्थिती

२००७ च्या नोव्हेंबरपासून 'ग्रीन ५००' नावाची एक यादी प्रसिद्ध होते. तिच्यात जगातले मोठे संगणक वेगाऐवजी दर वॅटमागच्या वेगाने लावलेले असतात. पहिल्या यादीत अव्वल ठरलेल्या संगणकाचा आकडा होता दर वॅटला ०.३५७ गिगाफ्लॉप्स. २०२२ साली अमेरिकेतील ओक रिज येथे सुरू झालेल्या 'फ्रंटियर' महासंगणकाने सेकंदाला १.१ × १०^१८ क्रियांचा पल्ला गाठला, सुमारे २१ मेगावॅट विजेत. दर वॅटला सुमारे ५२ गिगाफ्लॉप्स. पंधरा वर्षांत जवळजवळ १४५ पट. त्याची जागा सुमारे ७,३०० चौरस फूट आहे, म्हणजे 'व्हाइट'पेक्षाही कमी. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा 'परम युवा-२' हा संगणकही २०१३ च्या नोव्हेंबरमधील 'ग्रीन ५००' यादीत ४४ वा होता. भारतातील संगणकांत त्याचा क्रमांक पहिला होता.

एनिअ‍ॅकच्या एका बेरजेला तीस जूल लागत होते. 'फ्रंटियर' एका जुलात ५२ अब्ज क्रिया करतो. तीस जुलांत किती होतील? सुमारे दीड लाख कोटी.

उतारा इतका वाढला, तर विजेची चिंता मिटायला हवी होती. तसे झाले नाही. उतारा वाढला, पण पेरा त्याहून वाढला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटे वीज वापरली. जगातल्या एकूण विजेचा हा सुमारे दीड टक्का. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल असा त्यांचा कयास आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारे संगणक हे त्याचे एक मोठे कारण. अशा संगणकांनी भरलेले एकच रॅक १२० किलोवॅटच्या आसपास वीज घेऊ शकते. दोन किलोवॅटचे साठ गिझर एका कपाटात कोंबून एकदम चालू केल्यासारखे हे आहे. एवढी उष्णता नुसत्या हवेने निघत नाही. सारख्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते. म्हणून आता प्रक्रियकांच्या अगदी जवळून द्रवाच्या नळ्या खेळवतात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. जागेचा उतारा कितीही वाढवला तरी त्या चौरस फुटात तेवढी वीज आणता आली पाहिजे आणि तेवढी उष्णता बाहेर नेता आली पाहिजे. जमीन वाचवली की विजेची तार आणि पाण्याचा नळ जाड करावा लागतो. भारतातली सर्वांत जास्त डेटा सेंटरे मुंबई आणि नवी मुंबई परिसरात आहेत, कारण समुद्राखालून येणाऱ्या दळणवळणाच्या तारा तेथे किनाऱ्याला लागतात. तेथील हवा उष्ण आणि दमट. दमट हवेत घाम वाळत नाही हे तुम्ही अनुभवले असेल. त्याच कारणाने पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारी शीतयंत्रणाही तेथे कमी परिणामकारक ठरते. एकच संगणक थंड प्रदेशात आणि दमट किनाऱ्यावर ठेवला तर इमारतीचे 'अ‍ॅव्हरेज' सारखे येणार नाही.

करून पाहा

शाळेच्या संगणक कक्षात हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. विजेच्या मीटरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. आजच्या मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'एका किलोवॅट-तासाला ३,२००' अशासारखी संख्या छापलेली असते. एक किलोवॅट-तास म्हणजे ३६,००,००० जूल. त्याला ३,२०० ने भागले की दिव्याची एक उघडझाप म्हणजे १,१२५ जूल. घड्याळ लावून एका मिनिटातल्या उघडझापी मोजा. आधी संगणक बंद असताना आणि मग एकच संगणक चालू करून. बाकीचे दिवे-पंखे दोन्ही वेळा तसेच ठेवा. दोन्ही मोजण्यांतला फरक त्या संगणकाचा. फरक लहान आला तर दहा मिनिटे मोजा.

कामासाठी एक लाखापर्यंतच्या मूळ संख्या शोधणारी आज्ञावली लिहा आणि ती किती सेकंदांत पूर्ण होते ते नोंदवा. वेळ फार थोडा आला तर तेच काम शंभर वेळा करायला सांगा. सेकंदांना वॅटने गुणले की एका कामाचे जूल मिळतील. मेजावर संगणकाने व्यापलेली जागाही पट्टीने मोजा. जुना संगणक आणि नवा लॅपटॉप यांची तुलना करा. लॅपटॉपची बॅटरी आधी पूर्ण भरून घ्या, नाहीतर तुम्ही बॅटरी भरण्याची वीज मोजाल.

शेवटी तुमच्या आकड्यांवर 'स्वॅप'चे सूत्र लावा. एका संगणकासाठी करा, मग तसेच दोन संगणक एकत्र धरून करा. दोन्ही उत्तरे वर्गातल्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा, आणि वर्गाला विचारा: दुसरे उत्तर निम्मे का आले?